हाताचे शिक्षण आणि घराची डागडुजी
(केडगाव, जि. अहिल्यानगर येथील प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



नवरात्राच्या आधी नगरकडील घरोघर जी धांदल उडते तिला ‘दसरा काढणे’ असे म्हणतात. घटस्थापनेपूर्वी घरातील गोधड्या, वाकळा आणि अंथरुणे धुवून वाळत पडतात. माळ्यावरची भांडी खाली उतरतात. भिंतींना पोचारा बसतो आणि जमीन सारवली जाते. केडगाव हे तर रेणुकामातेचे स्थान. नवरात्रात येथे दूरदूरचे भाविक येतात. त्यामुळे घर आणि अंगण लख्ख करण्याची ही परंपरा येथे विशेष आस्थेने पाळली जाते. या धांदलीत घरातील लहान मुलेही सहभागी होतात. कोणी पाणी आणून देते, कोणी गोधडीचे दुसरे टोक धरून पिळते, कोणी शिडी धरून उभे राहते. हे सर्व शिक्षणच होय. मात्र शाळेच्या वेळापत्रकात त्याची नोंद होत नाही.

आता याच मुलाचे दुसरे चित्र पाहावे. शाळेत कार्यानुभवाची वस्तू आणावयास सांगितली जाते. मूल घरी जाऊन वडिलांना निरोप देते. वडील दुकानातून रंगीत कागद, चकाकणाऱ्या टिकल्या आणि तयार चिकटपट्टी आणतात. रात्री जागून आई ती वस्तू तयार करते आणि सकाळी मूल ती शाळेत नेऊन ठेवते. वस्तू देखणी असते, तिला गुणही मिळतात; परंतु तिच्यात मुलाच्या हाताचा अंश नसतो. ज्या घरी दुकानातून सामान आणण्याची ऐपत नसते, त्या घरातील मूल त्या दिवशी शाळेतच येत नाही किंवा आलेच तर मान खाली घालून बसते. हाताच्या कामाचा तास हा वस्तुतः सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत समतेचा तास असावयास हवा. तोच गरीब पालकाच्या खिशाला चाट देणारा आणि गरीब मुलाला लाजविणारा ठरत असेल, तर त्याचा मुळापासून विचार करणे अगत्याचे आहे. थोड्या खर्चात घर सुधारण्याची साधी कामे आणि शाळेतील हस्तव्यवसाय यांची सांगड कशी घालावी, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

हस्तव्यवसायाची पूर्वपीठिका

हाताच्या कामाला शाळेत स्थान देण्याचा विचार नवा नव्हे. फिनलंड देशात उनो सिग्नेउस या शिक्षणतज्ज्ञाच्या प्रयत्नाने १८६६ सालीच लोकशाळांतून हस्तकाम आवश्यक विषय म्हणून सुरू झाले. मुलांना सुतार बनविणे हा त्यामागील हेतू नव्हता. डोळा, हात आणि बुद्धी यांना एकत्र काम करण्याची सवय लागावी, आणि मुलाने केलेली वस्तू घरात खरोखर उपयोगी पडावी, हा तो हेतू होता.

महाराष्ट्राच्या भूमीवर या विचाराला मोठी चालना मिळाली ती वर्धा येथे. ऑक्टोबर १९३७ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली तेथे शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने मूलोद्योग शिक्षणाची योजना आखली. सूतकताई, शेती, पुठ्ठाकाम, सुतारकाम यांपैकी एखादा उद्योग मध्यवर्ती धरून त्याभोवती भाषा, गणित आणि विज्ञान गुंफावे, हे त्या योजनेचे सूत्र होते. पुढे अनेक शाळांतून टकळ्या फिरू लागल्या. परंतु पुष्कळ ठिकाणी टकळी तेवढी राहिली आणि तिच्याशी जोडावयाचे ज्ञान मागे पडले. ज्या उद्योगाशी मुलाच्या घरचा संबंध उरला नव्हता, तो शाळेतही रुजला नाही. या अनुभवातून मिळणारा धडा मोलाचा आहे. शाळेतील हस्तव्यवसाय हा मुलाच्या घरातील गरजेतून निघालेला असावा. तो वरून लादलेला नसावा.

त्यानंतर १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ हा शब्द पुढे आणला. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ असे त्याला नाव दिले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर सहावी ते आठवीच्या काळात मुलांनी दहा दिवस दप्तराविना शाळेत यावे आणि त्या काळात गावातील सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा जाणत्यांच्या हाताखाली काम शिकावे, असे सुचविले आहे. शब्द बदलत गेले, विचार मात्र तोच राहिला.

महाराष्ट्रात हा विचार प्रत्यक्षात उतरविणारेही झाले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालविल्या. तेथे विकत आणलेल्या साधनांऐवजी खडे, बिया, पाने, शिंपले यांतूनच शैक्षणिक साधने तयार झाली. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला आणि माध्यमिक शाळेतील मुलांना बांधकाम, जोडकाम, वीज, शेती व आरोग्य यांची कामे करता करता विज्ञान शिकविण्याची पद्धत घालून दिली. नगरचीही या बाबतीत स्वतःची परंपरा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन मराठी मिशनमधील डी. सी. चर्चिल या अभियंत्याने येथेच सुधारित हातमाग तयार केला होता. आणि केडगाव हे नाव धारण करणाऱ्या दुसऱ्या गावी, म्हणजे दौंडजवळील केडगावी, पंडिता रमाबाईंनी मुक्तिसदनातील दुष्काळग्रस्त व निराधार स्त्रियांना विणकामापासून मुद्रणापर्यंतचे उद्योग शिकवून स्वतःच्या पायावर उभे केले होते. हातात कला आली की मनुष्य मिंधा राहत नाही, हे रमाबाईंच्या कार्याने सिद्ध केले.

आता प्रत्यक्ष कामांकडे वळणे इष्ट होईल. येथे चार कामे घेतली आहेत. ती चारही कमी खर्चाची, घरच्या उपयोगाची आणि शाळेच्या अभ्यासाशी जोडता येण्याजोगी आहेत.

१. भिंतीला चुना देणे

साध्या घराचे रूप पालटणारे सर्वांत स्वस्त काम म्हणजे चुन्याची सफेदी. कळीचा चुना पाण्यात टाकला की तो फसफसतो आणि त्यातून पुष्कळ उष्णता बाहेर पडते. म्हणूनच चुना भिजविण्याचे काम मोठ्या माणसानेच करावे. चुन्यावर एकदम पाणी न ओतता आधी पिंपात पाणी घेऊन त्यात चुना थोडा थोडा सोडावा. डोळ्यांना चष्मा आणि हातांना मोजे असावेत, व लहान मुले दूर असावीत. डोळ्यात चुना उडाल्यास तत्काळ भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा आणि विलंब न लावता दवाखाना गाठावा. भिजविलेला चुना किमान एक दिवस तसाच मुरू द्यावा. मग त्यात पाणी घालून तो फडक्याने गाळून घ्यावा, चिकटपणासाठी डिंकाचे पाणी मिसळावे आणि पांढरेपणा खुलावा म्हणून किंचित नीळ घालावी.

भिंत आधी खरवडून झाडून घ्यावी व पाण्याने ओलसर करावी. कोरड्या भिंतीवर चुना दिला तर भिंत त्यातील पाणी शोषून घेते आणि चुना पुढे हाताला लागतो. पातळ हात दोन-तीन वेळा द्यावेत. एकच दाट हात दिला तर त्याचे पोपडे सुटतात. तैलरंग किंवा तत्सम तयार रंग ज्या भिंतीवर आधी दिलेला आहे, त्या भिंतीवर चुना धरत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

या कामात विज्ञान किती आहे पाहा. कळीच्या चुन्याचा पाण्याशी संयोग होऊन भिजलेला चुना होतो. तो भिंतीवर हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो व कालांतराने त्याचा पुन्हा चुनखडीसारखा कठीण थर बनतो. म्हणजे ज्या दगडापासून चुना भाजून काढला, त्याच दगडाचा पातळ पापुद्रा भिंतीवर तयार होतो. एवढे एक वाक्य सांगितले की मूल त्या भिंतीकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागते.

गणितही येथेच आहे. खोली चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच असेल तर चार भिंतींचे क्षेत्रफळ बेचाळीस चौरस मीटर होते. दोन मीटर उंच व एक मीटर रुंद दार, आणि एक मीटर चौरस खिडकी वजा केली की एकोणचाळीस चौरस मीटर उरतात. तीन हात द्यावयाचे म्हणजे एकशे सतरा चौरस मीटर कुंचा फिरवावा लागेल. एक किलो चुन्यात किती भिंत झाली, हे मुलाने स्वतः मोजून वहीत लिहावे. तोच त्याचा त्रैराशिकाचा पाठ होय. पाठ्यपुस्तकातील भिंत सर्वांची सारखीच असते. परंतु स्वतःच्या घरातील भिंत ज्याने मोजली, त्याला क्षेत्रफळ विसरावयास होत नाही.

२. माळवदाची निगा

नगर जिल्ह्यातील जुन्या वस्त्यांत आजही धाब्याची घरे उभी आहेत. लाकडी तुळयांवर कडीपाट, त्यावर झाडपाला वा चटई आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर, असे हे माळवद. ते उन्हाळ्यात थंड राहते, म्हणून आपल्या प्रदेशाला मानवते. मृग लागण्यापूर्वी माळवदावर उगवलेले गवत मुळासकट उपटणे, भेगा बुजविणे, पन्हळीकडे उतार राखणे आणि पन्हळीच्या तोंडाशी साठलेला केर काढणे, ही कामे पूर्वी प्रत्येक घरातील वडीलधारी माणसे करीत. पांढरी माती ओली झाली की तिचे कण फुगून परस्परांत घट्ट बसतात आणि पाणी खाली उतरू देत नाहीत. हे ज्ञान पुस्तकातून आलेले नव्हे. ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून आलेले आहे.

परंतु याच कामात एक मोठा धोका दडलेला आहे, आणि त्याविषयी स्पष्ट बोलणे हे कर्तव्य आहे. छप्पर गळू लागले की वर आणखी माती टाकावी, अशी सर्वसाधारण समजूत असते. जुनी माती खरवडून न काढता दरसाल नवी माती पसरली जाते. आता याचा हिशेब मांडावा. चार मीटर लांब आणि तीन मीटर रुंद माळवदावर दोन सेंटिमीटर जाडीचा थर दिला, तर ती माती पाव घनमीटरच्या जवळपास होते. कोरड्या मातीचे वजन घनमीटरला सुमारे दीड टन धरले, तर एका वर्षात त्या तुळयांवर ३६० किलो भार वाढतो. दहा वर्षांत तो ३,६०० किलो होतो. केडगावच्या शेजारी नेप्तीच्या बाजारात कांद्याच्या गोण्या सर्वांनी पाहिल्या आहेत. पन्नास किलोच्या बहात्तर गोण्या घराच्या डोक्यावर रचून ठेवण्यासारखेच हे होय. पावसात भिजल्यावर हा भार आणखी वाढतो. आणि त्याच काळात भिंतीच्या तोंडाशी दडलेली तुळईची टोके वाळवीने आणि ओलाव्याने पोखरली जात असतात.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांत किल्लारीचा भूकंप झाला. गणेशविसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपी गेले होते. त्या पहाटे सुमारे आठ हजार माणसे मृत्यू पावली. त्यांतील बहुतेकांचा घात केवळ जमीन हादरल्याने झाला नाही. तो त्यांच्याच घरांनी केला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर वर्षानुवर्षे साठत गेलेला माळवदाच्या मातीचा भार झोपलेल्या माणसांच्या अंगावर कोसळला. भिंतीचा आतला आणि बाहेरचा थर बांधून ठेवणारे आरपार दगड अनेक घरांत नव्हते, म्हणून भिंती मधोमध फाकल्या. भूकंपानंतर घरे बळकट करण्याचे जे उपाय सांगितले गेले त्यांत माळवदावरील जादा माती उतरविणे, भिंतीत आरपार दगड वा काँक्रीटचे बांध घालणे, आणि भिंती एकमेकींना पट्ट्याने बांधून घेणे हे प्रमुख होते. ज्या कुटुंबांनी दरसाल मनोभावे छप्पर लिंपले, त्यांच्याच श्रमाने छप्पर जड होत गेले. निगा करणाऱ्यांच्या हातांत आळस नव्हता. त्या हातांमागे हिशेब नव्हता, एवढेच.

म्हणून शिक्षकाने या कामाचा पाठ अवश्य द्यावा. धाब्याच्या घरात राहणाऱ्या मुलांनी माळवदाच्या थराची जाडी वडीलधाऱ्यांच्या मदतीने मोजून आणावी. वर्गात तिचे वजन काढावे. मुलांना छपरावर चढू देऊ नये. मोजणी मोठ्या माणसानेच करावी. थर वाजवीपेक्षा जाड आढळला, तुळई वाकलेली दिसली किंवा भिंत फुगलेली दिसली, तर पालकांना जाणत्या गवंड्याला किंवा पंचायत समितीच्या अभियंत्याला दाखविण्यास सांगावे. नवी माती टाकण्यापूर्वी तेवढीच जुनी माती खरवडून उतरवावी, हा एकच नियम मुलांच्या मुखी बसला आणि मुलांमार्फत तो घरी पोचला, तरी एखादे घर वाचेल. गणिताच्या तासाची यापेक्षा मोठी सार्थकता कोणती?

३. सांडपाण्याचा शोषखड्डा

तिसरे काम घराच्या मागील दारचे. न्हाणीतून आणि मोरीतून वाहणारे पाणी अंगणात साचले की तेथे डास होतात आणि घरी ताप येतो. यावर शोषखड्डा हा जुना आणि स्वस्त उपाय आहे. सुमारे एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा खणावा. तळाशी मोठे दगड, त्यावर मध्यम दगड, त्यावर विटांचे तुकडे वा खडी असा क्रम लावावा. वरच्या बाजूला बुडाशी भोके पाडलेले जुने मडके बसवून त्यात नारळाच्या शेंड्या किंवा काड्या भराव्यात, म्हणजे पाण्याबरोबर येणारा केर, केस आणि साबणाचा गाळ तेथेच अडेल. हे मडके वरचेवर साफ करावे. ते साफ न केल्यानेच बहुतेक शोषखड्डे काही महिन्यांत तुंबतात. विहीर किंवा कूपनलिका यांपासून हा खड्डा पुरेसा दूर, म्हणजे किमान पंधरा मीटर अंतरावर असावा. संडासाचे पाणी त्यात कदापि सोडू नये.

मात्र नगर तालुक्यात सर्वत्र जमीन सारखी नाही. मुरमाड जमिनीत पाणी चटकन मुरते, तर काळ्या जमिनीत ते तुंबून राहते. म्हणून खणण्यापूर्वी एक साधी परीक्षा करावी. हातभर खोल लहान खड्डा घेऊन तो पाण्याने भरावा व पाणी जिरू द्यावे. मग पुन्हा भरून ते किती वेळात खाली जाते ते घड्याळ लावून पाहावे. पाणी तासन्‌तास तसेच राहिले, तर तेथे शोषखड्डा न करता ते पाणी चारीने केळी, अळू किंवा पपई यांच्या वाफ्याकडे न्यावे. एकाच वर्गातील मुलांनी आपापल्या घरची ही परीक्षा करून आकडे फळ्यावर मांडले की गावाच्या जमिनीचा नकाशाच वर्गात तयार होईल. भूगोलाचे असे प्रात्यक्षिक विकत मिळत नाही.

४. टाकाऊ वस्तूंची उपयोगी रूपे

चौथ्या प्रकारात लहान मुलांनी शाळेतच करावयाच्या वस्तू येतात. त्यांतील तीन येथे सांगितल्या आहेत.

पहिली, लगद्याची टोपली. जुन्या वह्यांचे आणि रद्दीचे बारीक तुकडे दोन-तीन दिवस पाण्यात भिजत घालावेत. ते कुटून लगदा करावा आणि त्यात भिजवून वाटलेली मेथी मिसळावी. मेथीने लगद्याला चिकटपणा येतो. पालथ्या भांड्यावर ओले फडके पसरून त्यावर हा लगदा सारख्या जाडीने थापावा, दोन-तीन दिवस वाळू द्यावा आणि मग अलगद काढून घ्यावा. वरून कोऱ्या कागदाचे तुकडे खळीने चिकटवावेत. खळीसाठी दुकानात जाण्याचे कारण नाही. चिंचोके भाजून, साल काढून, भिजवून वाटावेत आणि पाण्यात शिजवावेत. उत्तम खळ होते. घोंगडी विणणारे कारागीर सुताला हीच खळ देत आले आहेत. अशा टोपलीत सुया-दोरे, खडू, बियाणे ठेवावे. छापील कागदाची शाई पोटात जाणे बरे नव्हे, म्हणून तिच्यात भाकरी किंवा अन्य खाद्यपदार्थ ठेवू नयेत.

दुसरी, गोणीचे पायपुसणे. कांद्याच्या फाटक्या तागाच्या गोणीचे धागे उसवून घ्यावेत. दोन धाग्यांना वेगवेगळा पण एकाच दिशेने पीळ द्यावा आणि मग ते दोन्ही एकत्र करून उलट दिशेने वळावेत. दोरी आपोआप घट्ट राहते, सुटत नाही. का सुटत नाही, हा प्रश्न मुलांना विचारावा आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढावे. एक पीळ उलगडू पाहतो तेव्हा दुसरा अधिक आवळला जातो, हे त्यांना बोटांनीच उमगते. ही दोरी गोल गुंडाळत जावी आणि सुतळीने टाचत जावे. दाभण वापरावयाची ती वरच्या इयत्तेतील मुलांनी, आणि तीही शिक्षकांच्या देखरेखीखाली.

तिसरी, वाकळ. जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवलेली ही गोधडी महाराष्ट्रातील प्रत्येक घरात ठाऊक आहे. कडेने सुरुवात करून आत आत जाणाऱ्या समांतर ओळी, चौकोनी आणि त्रिकोणी ठिगळांची जुळवणी, यांत भूमिती आहे. शाळेसाठी हातभर लांब-रुंद बसकर पुरे. प्रत्येक मुलाने स्वतःच्या बसण्यापुरती शिवावी. यासाठी गावातील एखाद्या आजीबाईंना सन्मानाने शाळेत बोलवावे. ज्या बाईला अक्षर येत नाही ती आज वर्गासमोर शिक्षिका म्हणून बसली आहे, हे पाहण्याचे शिक्षण मुलांना कोणत्याही पुस्तकातून मिळणार नाही. आणि ज्या मुलीची ती आजी असेल, त्या मुलीची मान त्या दिवशी ताठ होईल.

महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून थर्माकोलच्या सजावटीच्या वस्तूंवर बंदी आहे. तेव्हा प्रदर्शनासाठी थर्माकोलचा किल्ला किंवा देऊळ करण्याचा प्रघात तर सोडूनच द्यावा. प्रदर्शनात मांडावयाच्या ज्या वस्तू दुसऱ्या दिवशी घरात वापरल्या जातील, त्यांनाच अधिक गुण द्यावेत.

शिक्षकाने पाळावयाची पथ्ये

हे सर्व करीत असता काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे.

पहिले, काम वाटताना जात आणि लिंग पाहू नये. सुई मुलींना आणि खोरे मुलांना, किंवा झाडू अमुकच घरच्या मुलांना, अशी वाटणी शाळेत झाली तर हस्तव्यवसायाने उद्धार न होता अपमानच होईल. संत गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) गावोगाव स्वतः झाडू हाती घेतला, तो काम करणाऱ्याला हलके लेखण्याची वृत्ती जावी म्हणूनच. ज्या नगरमध्ये फॅरारबाईंच्या संस्थेत सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले, तेथील शाळांना तर हा भेद मुळीच शोभत नाही. सर्व कामे पाळीपाळीने सर्वांना द्यावीत; त्यात शिक्षकाचीही पाळी असावी.

दुसरे, मुलांकडून काम करून घेणे म्हणजे शिकविणे नव्हे. ज्या कामातून मूल काही मोजत नाही, काही विचारत नाही, काही लिहीत नाही, ते शिक्षण नसून वेठ होय. शाळेची भिंत रंगवून घेण्यासाठी मुलांना राबविणे आणि मुलांना भिंत रंगविण्याचे शास्त्र शिकविणे यांत महदंतर आहे. हे अंतर पालकांनाही कळते आणि मुलांना तर सर्वांआधी कळते.

तिसरे, विकतचे साहित्य आणावयास सांगू नये. घरात किंवा परिसरात जे टाकून दिलेले आहे, तेवढ्यातच वस्तू व्हावी. जे मूल काहीच आणू शकले नाही, त्याच्यासाठी शाळेत रद्दीची एक पेटी आणि चिंध्यांची एक पेटी सदैव भरलेली असावी, म्हणजे कोणालाही रिकाम्या हाताने बसावे लागणार नाही.

चौथे, वाकडी वस्तू हसण्यावारी नेऊ नये. मुलाने स्वतः केलेली वाकडी टोपली ही पालकाने केलेल्या सुबक टोपलीपेक्षा श्रेष्ठ मानावी, आणि तसे सर्वांसमक्ष सांगावे. टोपली वाकडी का झाली, लगदा एका बाजूला जाड का बसला, हे त्या मुलाशी बोलावे. पुढली टोपली सरळ होईल.

पाचवे, मुलाच्या घरी जाऊन पाहावे. शाळेत शिकलेले घरी पोचले की नाही हे शाळेत बसून कळत नाही. शिक्षकाने वर्षातून एकदा तरी प्रत्येक मुलाच्या घरी जावे. तेथे मुलाची आई म्हणेल, “गुरुजी, ही वाकळ आमच्या बाळ्याने शिवली.” त्या एका वाक्यातील समाधान कोणत्याही गुणपत्रिकेवर उतरत नाही.

समारोप

याच नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावाने, आणि पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी या गावाने, श्रमदानाच्या बळावर आपले रूप पालटले. त्याची कीर्ती देशभर झाली. त्या गावांच्या कथेतून घ्यावयाचा बोध असा की बाहेरून मिळणारी मदत तेव्हाच फळास येते, जेव्हा गावकऱ्यांचे स्वतःचे हात आधी कामाला लागलेले असतात. घरालाही हाच न्याय लागू पडतो. घर सुधारण्यासाठी कर्ज काढावे लागते अशी समजूत आज बळावली आहे. काही कामांना पैसा लागतोच, हे खरे. तुटलेली तुळई चुन्याने सांधत नाही आणि खचलेला पाया वाकळीने झाकत नाही. परंतु घरातील पुष्कळशी कामे अशी आहेत की त्यांना पैशापेक्षा नजर, हात आणि थोडा हिशेब अधिक लागतो. कोणते काम स्वतः करावयाचे आणि कोणत्या कामासाठी जाणत्या माणसाला बोलवावयाचे, हा विवेक ज्याला आला, त्याचे घर थोड्या खर्चात नीटनेटके राहते आणि त्याच्या घरातील माणसे सुखरूप राहतात.

हा विवेक शिकविण्याचे काम प्राथमिक शिक्षकाचे आहे; कारण तोच मुलाच्या घराच्या सर्वांत जवळचा अधिकारी असतो. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि खेड्यांतील प्राथमिक शाळा त्यांच्या हाती आल्या. शाळा हे गावाचे अंग व्हावे, हीच त्यामागील अपेक्षा होती. मूल शाळेत जे शिकले ते संध्याकाळी घरच्या भिंतीवर, छपरावर आणि अंगणात दिसू लागले, तर ती अपेक्षा पुरी झाली असे म्हणता येईल.

येत्या नवरात्रापूर्वी घरोघर दसरा काढला जाईल. त्या वेळी प्रत्येक शाळेने मुलांना एवढेच काम द्यावे: घरातील एक भिंत मोजावी, माळवद असेल तर त्याच्या थराची जाडी विचारून लिहावी, पाणी कोठे साचते ते पाहावे, आणि टाकाऊ वस्तूंतून एक उपयोगी वस्तू स्वतःच्या हाताने करावी. या चार नोंदींची वही दसऱ्याच्या सुटीनंतर वर्गात वाचली जावी. त्या वहीतील एखादी नोंद वाचून एखाद्या घराच्या माथ्यावरील बहात्तर गोण्यांचा भार उतरला, तर वर्षाचा हस्तव्यवसाय सुफळ झाला असे खुशाल समजावे.